उंग ऊर एदु?

शोळिंगनल्लूरच्या चौकाजवळ सकाळी इडियाप्पम विकणाऱ्या पाट्टींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "उंग ऊर एदु?" तुमचं गाव कोणतं? मी सवयीने म्हणालो, "पुणे." खरं गाव वाई. पण ते कुठे आहे हे सांगायला महाबळेश्वरचा आधार घ्यावा लागतो: पसरणीचा घाट चढण्याआधी कृष्णेकाठी लागतं ते.

मराठी माणूस भेटला, की मात्र मला थांबवणं कठीण. १७६२ सालचं ढोल्या गणपतीचं देऊळ, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून निमुळती बांधलेली त्याची मागची भिंत. मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा आणि वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा. मराठी विश्वकोश आमच्या गावात घडला. पहिला खंड १९७६ चा. आणि सिनेमे! 'स्वदेस'मधलं चरणपूर म्हणजे आमची मेणवली, 'गंगाजल'मधलं तेजपूर म्हणजे आमची वाई.

परवा आईचा फोन आला. "घर विकायचं का रे? एवढं झाडणं आता माझ्याच्याने होत नाही."

मी चिडलोच. "असं कसं विकायचं? आपली वाई आहे!"

ती शांतपणे म्हणाली, "तुझी वाई सांगायला आहे. राहायला कुठे आहे?"

रात्री झोप येईना. मनातल्या मनात तीच यादी पुन्हा काढली. देऊळ बांधणारे रास्ते मूळचे कोकणातले. घंटा वसईची. विश्वकोशाचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी जन्मले धुळे जिल्ह्यात, पिंपळनेरला. पोरवयात प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले आणि वाईचेच होऊन गेले. सिनेमावाले तर मुंबईचे. गावाला मोठं करणारे बाहेरून आले, आणि गावात जन्मून त्याचा अभिमान मिरवणारे आम्ही बाहेर पडलो. घाटाच्या पायऱ्यांवर पोहायला शिकलो, एवढाच माझा त्या यादीशी संबंध.

सकाळी पाट्टींना म्हटलं, "माझं गाव पुणे नाही. वाई."

त्या खळखळून हसल्या आणि बोटाने स्वतःचं तोंड दाखवलं. तमिळमध्ये 'वाय' म्हणजे तोंड. मीही हसलो. आई तरी वेगळं काय म्हणाली होती?

कृष्णाबाईच्या उत्सवासाठी पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. आधी घर झाडायचं. विकायचं की नाही, ते मग बोलू.