सेलूहून विमानतळाकडे : कांहीं नवे शब्द

सेलू हें रेल्वेच्या वाटेवरचें गांव. ‘पॅसेंजर’, ‘क्रॉसिंग’, ‘सिग्नल’ हे शब्द येथील आजीबाईंच्याही तोंडीं रुळलेले आहेत. विमानाकरितां मात्र पश्चिमेस छत्रपती संभाजीनगरजवळील चिकलठाणें किंवा पूर्वेस नांदेड गांठावें लागतें. २७ एप्रिल २०१७ रोजीं ‘उडान’ योजनेचीं पहिलीं विमानें सुटलीं, त्यांत सिमला–दिल्लीबरोबर नांदेड–हैदराबाद हाही मार्ग होता. सुमारें पांचशें किलोमीटरांच्या, तासाभराच्या प्रवासास अडीच हजार रुपये, अशी भाड्याची मर्यादा त्या वेळीं कांहीं आसनांना घातली होती. अशा रीतीनें मुलाबाळांकडे जाणाऱ्या वृद्धांच्या हातींही विमानाचें तिकीट येऊं लागलें. तेव्हां त्यावरील शब्दांचा अर्थ घरांत सर्वांस ठाऊक असणें बरें.

‘विमान’ हा शब्द ‘मा’ म्हणजे मोजणें या धातूस ‘वि’ उपसर्ग लागून झाला आहे, आणि या वाहनाचा व्यवहारही मोजमापाचाच. एका उड्डाणापासून उतरण्यापर्यंतच्या टप्प्यास ‘सेक्टर’ म्हणतात. ‘ब्लॉक टाइम’ या शब्दांतील ब्लॉक म्हणजे उभ्या विमानाच्या चाकांशीं लावलेले ठोकळे. बैलगाडी चढावर थांबली म्हणजे आपण धोंडा लावतों, तसे. ते काढून विमान जागचें हललें कीं ही वेळ सुरू होते व मुक्कामीं तें पुन्हा उभें राहिलें म्हणजे संपते.

नांदेडहून हैदराबाद आकाशमार्गानें सुमारें अडीचशें किलोमीटर. तेथें प्रथम आलेलीं एटीआर जातीचीं पंख्यांचीं विमानें ताशीं पांचशें किलोमीटरांच्या आसपास जातात. आम्हीं वर्गांत शिकविलेल्या त्रैराशिकानें उत्तर येतें अर्धा तास; वेळापत्रकांत मात्र बराच अधिक काळ दिसे. कारण धांवपट्टीपर्यंत जमिनीवरून चालत जाणें, हळूहळू वर चढणें आणि वेग आवरून उतरणें, हें सारें त्यांत येतें. जमिनीवरच्या या चालण्यास ‘टॅक्सी’ म्हणतात. येथें भाड्याची मोटार असा त्याचा अर्थ नाहीं. मार्ग जितका आंखूड, तितका या वरकड वेळेचा वांटा मोठा.

दोन शब्दांविषयीं विशेष सावध असावें. ‘नॉनस्टॉप’ विमान वाटेंत कोठेंही उतरत नाहीं. ‘डायरेक्ट’ विमान मात्र मध्यें एकाद्या गांवीं उतरून त्याच क्रमांकानें पुढें जाऊं शकतें. एकट्या निघालेल्या आजींस हें आधींच सांगून ठेवावें. नाहींतर विमान थांबलें कीं मुक्काम आला असें समजून त्या खालीं उतरावयाच्या! ‘कनेक्टिंग’ असेल तर विमानच बदलावें लागतें.

‘डिपार्चर’ म्हणून छापलेली वेळ विमान जागचें हलण्याची असते. सामानाची नोंद व दरवाजा त्याच्या बऱ्याच आधीं बंद होतात. रेल्वेप्रमाणें शिटी ऐकून धांवण्याची येथें सोय नाहीं.

म्हणून हिशेब आपल्या उंबऱ्यापासून लेकाच्या उंबऱ्यापर्यंत करावा. सिकंदराबादची गाडी सेलूसच मिळत असतां हैदराबादेकरितां विमानानें फारसा वेळ वांचेलच असें नाहीं; दिल्लीस जाणाऱ्याचा मात्र दिवस वांचेल.