भोंग्याची निवड

आमची पहिली मोटरसायकल गेल्या वर्षीं वाड्याच्या दारांतून चोरीस गेली. वडिलांनीं निवृत्तीच्या पैशांतून घेऊन दिलेली ती गाडी. तिच्या जागीं दुसरी आली, तेव्हां हिला राखण पाहिजे असें घरांत एकमतानें ठरलें.

दुकानदारानें प्रथम दाखविलेला भोंगा कानठळ्या बसविणारा होता खरा. पण गाडी उभी असतांही तो २० मिलिअँपिअर वीज खाई. आमची बॅटरी ५ अँपिअर-तासांची. म्हणजे २५० तासांत, दहा दिवसांत, ती कोरडी! चोराच्या हातून वांचलेल्या गाडीला परगांवाहून आल्यावर आम्हींच लाथा मारीत बसावयाचें कीं काय? शेवटीं त्याच्या चौथ्या हिश्शाइतकी वीज खाणारें आणि इग्निशनही तोडणारें यंत्र घेतलें. मेकॅनिकनें सायरनचें तोंड पावसाच्या भयानें खालीं केलें, तारेत फ्यूज घातला व हादरा ओळखणारा सेन्सर आसनाखालीं कसला.

त्या सेन्सराला चोर आणि मांजर यांतील भेद कळेना. पहिल्या रात्रीं भोंगा तीनदां ओरडला. आम्ही तीनदां धांवलों. चौथ्या रात्रीं ओरडला, तेव्हां आम्ही कूस बदलून निजलों, आणि सकाळीं गाडी जागेवर पाहून मनांत ओशाळलों. त्याच दिवशीं सेन्सर मंद करून घेतला.

ती रात्र शांततेंत गेली. पहांटे तळमजल्यावरील आजोबा जिन्यांत भेटले. त्यांची झोंप मुळांतच सावध; आम्ही क्षमा मागणार, तोंच ते म्हणाले, "रात्रीं तुमचा भोंगा वाजला नाहीं, म्हणून गाडी आहे कीं नाहीं तें पाहून आलों."