आजोबांचा वस्तरा

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठीत लिहायची ही पहिलीच वेळ. शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं!

दिवाळीच्या सुट्टीत नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. माळा आवरताना आजोबांची धोकटी सापडली. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी ती उघडलीच नव्हती. आत कात्री, वाटी, चामड्याचा पट्टा आणि खोबरेल लावलेल्या फडक्यात घडीचा वस्तरा. पात्यावरचं 'जर्मनी' एवढंच वाचता येत होतं. मूठ हस्तिदंतासारखी, पण पिवळट आणि मळकी. न विचारताच तो बॅगेत टाकला. म्हटलं, वर्कशॉपमध्ये बफिंग व्हीलवर धरला की पाच मिनिटांत चकाचक!

धरणार तेवढ्यात वर्कशॉपच्या मामांनी हात अडवला. "आधी मूठ अंगठ्याने घास आणि वास घे." घेतला, तर चक्क कापूर! म्हणजे हे हस्तिदंत नव्हे, सेल्युलॉइड. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून झालेलं हे जुनं प्लास्टिक. अमेरिकेतल्या हायट बंधूंनी १८७० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सिनेमाची जुनी रिळं याच जातीची, भडकन पेटणारी. व्हीलच्या उष्णतेने माझी मूठही पेटली असती! तरी शहाणपणा करून एका कोपऱ्याला अ‍ॅसिटोन लावलंच. कोपरा विरघळला, बोटाचा ठसा उमटला. तो अजून आहे.

मग मुकाट्याने हातानेच काम. कोमट साबणाचं पाणी, जुना टूथब्रश, लगेच कोरडं पुसणं. आधी १००० नंबरचा वॉटर पेपर, मग २००० चा, दोन्ही ओले करून. शेवटी फ्लॅनेलवर टूथपेस्ट. तीन संध्याकाळी गेल्या. हे प्लास्टिक जुनं झालं की आम्लाची वाफ सोडतं आणि पातं गंजवतं, म्हणून बंद डबीत ठेवायचं नाही, हेही कळलं.

घासताना मुठीवर एक खळगा लागला. वर्षानुवर्षं आजोबांचं बोट टेकून झिजलेली जागा. आणखी घासून ती सपाट करता आली असती. नाही केली.

रूम पार्टनरने विचारलं, "अँटिक दिसतंय, कुणाचं रे?" शाळेत मी नेहमी 'ग्रँडफादर फार्मर' असं सांगायचो. खरं तर आम्हाला गुंठाभरही जमीन नव्हती. गावाची दाढी-हजामत करून बलुत्यात मिळालेल्या ज्वारीवर आजोबांनी घर चालवलं, वडिलांना शिकवलं, आणि म्हणून मी कॉन्व्हेंटात गेलो. म्हटलं, "आजोबांचा. ते न्हावी होते." "भारी आहे यार," म्हणून तो मेसला निघून गेला. बस्स, एवढंच! यालाच मी इतकी वर्षं घाबरत होतो.

संक्रांतीला वस्तरा आजोबांच्या हातात दिला. त्यांनी चमकणाऱ्या मुठीवरून बोट फिरवलं, ते बरोबर खळग्यात जाऊन थांबलं. मग पातं उघडून नखावर टेकवलं आणि हसले.

"मूठ झकास केलीस रे. पण गिऱ्हाईक मूठ बघत नाही, बाळा. धार कुठंय? जा, तो पट्टा आण."