मोकळी सोडलेली वाळू

टेकडी म्हटली कीं ती जागच्या जागीं असावयाची, अशी आपली समजूत. परंतु डेन्मार्क देशाच्या उत्तर टोंकास एक टेकडी चालते! तेथें, दोन समुद्रांमधील निरुंद भूमीवर, स्कागेन हें कोळ्यांचें जुनें गांव आहे. त्याच्या नैऋत्येस कांहीं कोसांवर ‘रोब्येर्ग मिले’ ही वाळूची टेकडी लागते. विस्तार सुमारें एक चौरस किलोमीटर, उंची सुमारें ४० मीटर.

पश्चिमेकडून चढण सौम्य आहे. माथ्यावर जातांच पलीकडचा उतार एकदम तुटतो. वारा वाळूचे कण या चढणीवरून लोटीत नेऊन पलीकडे टाकतो, आणि सबंध टेकडी दरसाल सुमारें १५ ते १८ मीटर ईशान्येस सरकते. मागें उरते ती ओलसर, सपाट जमीन.

हें पाहून मौज वाटते खरी. पण स्कागेनजवळचा पांढरा मनोरा पाहिला कीं ती मावळते. चौदाव्या शतकांतील एका ख्रिस्तमंदिराचा हा अवशेष. अठराव्या शतकांत वाळूनें मंदिरास असें वेढलें कीं, उपासनेस येणाऱ्यांना आधीं फावड्यांनीं दार मोकळें करावें लागे. अखेर १७९५ सालीं तें राजाज्ञेनें बंद झालें. पुढें इमारत पाडली. मनोरा मात्र खलाशांच्या खुणेसाठीं राखला. आपल्या मुलांच्या ओळखीच्या हॅन्स अँडरसननें १८५९ सालच्या एका कथेचा शेवट याच मंदिरांत केला आहे.

दोष एकट्या वाऱ्याचा नव्हता. माणसांनीं झाडी तोडली, गुरांनीं गवत खाल्लें, आणि वाळूस धरून ठेवणारीं मुळें गेलीं. पुढें सरकारनें चिवट मराम गवत व पाइनचीं झाडें लावून किनाऱ्याची वाळू जखडली. आपल्या कोंकणांत सुरूचीं बनें व मर्यादवेल हेंच काम करितात.

मग ही एकच टेकडी मोकळी कां? १९०० च्या सुमारास सरकारनें ती मुद्दाम विकत घेतली, आणि तेथें लागवड करावयाची नाहीं असें ठरविलें. हेतु हा कीं, पूर्वजांवर आलेलें संकट पुढील पिढ्यांनीं डोळ्यांनीं पाहावें. फिटलेला कर्जरोखाहि एखादें शहाणें घराणें जपून ठेवितें, तसेंच हें.

मात्र टेकडी थांबलेली नाहीं. शेंदोनशें वर्षांत ती स्कागेनच्या मुख्य रस्त्यास भिडेल असा अंदाज आहे. तेव्हां रस्ता हलवावा कीं टेकडी बांधावी, हा निर्णय नातवंडा-पतवंडांनाच करावा लागेल.