फिलाडेल्फियात ८८ नंबरची जर्सी

मॅचची तिकिटं काढली हे ऑफिसात सांगितल्यावर एका सहकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "मुलगा कुठली जर्सी घालणार?" हा गडी साऊथ फिलाडेल्फियात जन्मला, तिथेच वाढला. मी म्हटलं, "डॅलसची." तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "वरून जॅकेट घाल त्याला. चेन गळ्यापर्यंत लाव."

आम्ही तेव्हा नुकतेच डॅलसहून फिलाडेल्फियाला आलो होतो. प्रोजेक्ट बदलला, घर बदललं, मुलाची शाळा बदलली. सात वर्षांच्या त्या पोराने तिथून एकच गोष्ट हट्टाने सोबत आणली होती, ती म्हणजे डॅलस काउबॉइजवरची भक्ती. सीडी लॅम्बची ८८ नंबरची जर्सी घालून तो झोपायचासुद्धा. अमेरिकन फुटबॉलमध्ये काउबॉइज आणि फिलाडेल्फिया ईगल्स एकाच गटात आहेत, दर सीझनला दोनदा भिडतात. डॅलसला 'अमेरिकेची टीम' हे बिरुद १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून चिकटलंय. फिलाडेल्फियाच्या माणसासमोर ते उच्चारायचं नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

इथल्या चाहत्यांचा राग मात्र डॅलसवालेच नाही, सगळेच करतात. त्यांची पापं पाठ असल्यासारखी सांगतात. १९६८ च्या डिसेंबरात फ्रँकलिन फील्डवर त्यांनी चक्क सांताक्लॉजला बर्फाचे गोळे मारले. (ठरवलेला सांता आलाच नाही, म्हणून प्रेक्षकांतल्या एकोणीस वर्षांच्या पोराला मैदानात उतरवलं होतं. त्या सीझनला टीमने १४ पैकी २ मॅचेस जिंकल्या होत्या, हे सांगायला सगळे विसरतात.) १९९७ मध्ये जुन्या व्हेटरन्स स्टेडियममध्ये कोणीतरी फ्लेअर गन उडवली, तेव्हा स्टेडियमच्या तळघरात न्यायाधीश बसवून तिथल्या तिथे निवाडे सुरू करावे लागले. आणि १९९९ मध्ये डॅलसचा मायकल आयर्विन मान दुखावून मैदानावर निपचित पडला, तेव्हा स्टँडमधून जल्लोष झाला. ती आयर्विनची शेवटची मॅच ठरली. त्याचा नंबर ८८.

हा शेवटचा तपशील मी मॅचच्या आदल्या रात्री वाचला. बायको म्हणाली, "दुसरा शर्ट घाल त्याला. आपल्याला काय सिद्ध करायचंय?" मुद्दा बरोबर होता. पण घर सुटलं, मित्र सुटले, आता हेही काढ म्हणून सांगायचं का पोराला? शेवटी जर्सी आणि वर जॅकेट, अशी तडजोड झाली.

५ नोव्हेंबर २०२३, रविवार. सिटी हॉलपासून सबवे पकडली. त्या इमारतीच्या टोकावर शहराचा संस्थापक विल्यम पेन याचा पुतळा आहे. त्याच्या टोपीपेक्षा उंच काही बांधायचं नाही, असा या गावात अलिखित नियम होता. १९८७ मध्ये एका टॉवरने तो मोडला. गंमत अशी की त्याआधी १९८३ ला बास्केटबॉलमध्ये विजेतेपद मिळालं ते मिळालं, मग २००८ पर्यंत चारही मोठ्या खेळांत काहीच नाही. २००७ मध्ये नव्या, सर्वांत उंच टॉवरच्या शेवटच्या तुळईवर कामगारांनी पेनची चिमुकली मूर्ती चिकटवली आणि पुढच्याच वर्षी बेसबॉलची टीम जिंकली! मी इंजिनिअर माणूस, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पण पंचवीस वर्षं हरणाऱ्या गावाचा स्वभाव कसा होत असेल, ते समजू शकतं. त्यात एका बाजूला न्यूयॉर्क, दुसऱ्या बाजूला वॉशिंग्टन. एकेकाळची देशाची राजधानी आता लोकांना वाटेवरचं स्टेशन वाटते.

हे दुखणं मला इंदूरमुळे ओळखीचं होतं. आमच्या चार पिढ्या तिथे गेल्या, तरी सुट्टीत दादरला गेलो की मावसभाऊ आमच्या हिंदीमिश्रित मराठीची नक्कल करायचे. क्रिकेटमध्ये होळकरांच्या टीमने चार वेळा रणजी जिंकली होती हे आजोबांचं वाक्य, त्यावर "कोणत्या शतकात?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशने मुंबईला फायनलमध्ये हरवलं, तेव्हा मी टेक्सासमधून रात्रीबेरात्री फॅमिली ग्रुपवर जे काही लिहिलं, ते आज वाचवत नाही. कोच चंद्रकांत पंडित मुंबईचेच, हेही मी सोयीस्करपणे विसरलो होतो. मावशीने दोन महिने फोन केला नव्हता.

तर सबवे. डब्यात सगळं हिरवं. स्टेडियमच्या वाटेवर पार्किंगमध्ये शेगड्या पेटलेल्या, ईगल्सच्या नावाचं एकेक अक्षर हजारो माणसं एका सुरात ओरडतायत. आत जागेवर बसल्यावर पोराला उकडलं म्हणे. नोव्हेंबरात! त्याने जॅकेट काढलं आणि आजूबाजूच्या चार रांगांनी एकदम हुर्यो उडवली. तो माझ्याकडे बघायला लागला. मागच्या रांगेतले साठीचे एक गृहस्थ वाकून त्याला म्हणाले, "घाबरू नकोस. आम्ही आमच्याच लोकांना याहून जास्त ओरडतो." ते खोटं नव्हतं. १९९९ मध्ये स्वतःच्याच टीमने निवडलेल्या डोनोव्हन मॅकनॅबचीही यांनी निवडीच्या कार्यक्रमातच हुर्यो उडवली होती.

दुसऱ्या सत्रात मात्र खालच्या रांगेतला एक झिंगलेला माणूस वळला आणि मुलाकडे बोट दाखवून घाण बोलला. माझे हातपाय गार पडले. उठावं तर सोबत पोर, बसावं तर ते बघतंय. मी उठायच्या आत मागचे गृहस्थ उभे राहिले. पाठोपाठ आणखी चार-पाच हिरव्या जर्सी. त्यांनी त्याला काय ऐकवलं ते छापण्यासारखं नाही, पण तो पुन्हा वळला नाही.

थोड्या वेळाने त्या गृहस्थांनी मुलाला फ्रेंच फ्राइज दिले. जर्सीच्या नंबरकडे बघत मला हळूच म्हणाले, "आयर्विन पडला तेव्हा मी इथेच होतो. म्हणजे जुन्या स्टेडियममध्ये." मी विचारलं, "लोकांनी खरंच जल्लोष केला?" ते म्हणाले, "लोकांनी नाही. मी केला." मग मैदानाकडे बघत बसले. मला काही सुचलं नाही. मावशीचा न आलेला फोन आठवला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेसबॉलचा ट्रे टर्नर सपशेल अपयशी ठरत असताना याच गावाने उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, आणि तो खरोखर सावरला. हेही त्यांनीच सांगितलं, बहुधा मुलाने ऐकावं म्हणून.

लॅम्ब त्या दिवशी अफाट खेळला, पण मॅच ईगल्सने २८-२३ अशी जिंकली. पोराचे डोळे भरले. परतीच्या गर्दीत मी त्याला जॅकेट घातलं, चेन गळ्यापर्यंत लावली. सबवेचा डबा हिरव्या माणसांनी खच्चून भरलेला, सगळे गात होते. सिटी हॉल यायच्या आधी त्याने माझा हात सोडला, चेन खाली ओढली आणि छाती पुढे काढून उभा राहिला.

अख्ख्या डब्याने हुर्यो उडवली. या वेळी तो हसत होता.