नंदादेवीचं माहेर

भाद्रपदात आपल्याकडे गौरी येतात, जेवतात आणि तिसऱ्या दिवशी निघतात. मग घर कसं सुनंसुनं वाटतं, ते मैत्रिणींनो, तुम्हांला सांगायला नको. त्याच दिवसांत, नंदाष्टमीला, गढवालच्या डोंगरातही माहेरवाशिणीचा सण असतो, हे मला लाता गावी जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

बद्रीनाथला जाताना जोशीमठला दोन दिवस मोकळे मिळाले. ह्यांना नंदादेवी शिखर पाहायचं होतं. ७,८१६ मीटर उंच! ते औलीहून दिसलं, तेही ढगांतून जेमतेम पाच मिनिटं. मग मी म्हटलं, डोंगर पाहिला, आता देवी पाहू. लात्यात तिचं जुनं देऊळ आहे.

मी ओटी भरायला खण-नारळ काढला, तशी देवळातली एक आजी कुतूहलानं जवळ आली. नंदा ही तिथली सासरी गेलेली लेक. शंकराच्या घरी, कैलासावर दिलेली. बारा वर्षांनी निघते म्हणतात त्या राजजातेत, म्हणजे तिच्या पाठवणीच्या यात्रेत, चार शिंगांच्या मेंढ्याच्या पाठीवर बांगड्या, कपडे लादतात. लोक नौटी गावाहून होमकुंडापर्यंत चालत जातात आणि मेंढा पुढे एकटाच सोडतात. निरोप देताना बाया रडतात. न रडून कसं चालेल?

वाटेवरच रेणी गाव. २६ मार्च १९७४ ला गावातले पुरुष चमोलीला गेलेले असताना झाडं तोडायला माणसं आली. गौरादेवी बायकापोरींना घेऊन रानात उभ्या राहिल्या. हे रान म्हणजे आमचं माहेर, असं त्यांनी ठणकावलं. तोड थांबली.

पण पुढची गोष्ट आजीनं सांगितली, ती मनाला लागली. १९८२ साली नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झालं. गिर्यारोहकांनी केलेला कचरा, जळणासाठी तोड, कस्तुरीमृगांची शिकार, यामुळे लवकरच आतली वाट बंद झाली. गिर्यारोहकांना बंद, तशी गावालाही. मेंढ्यांची कुरणं गेली, औषधी मुळ्या गेल्या, हमालीही गेली.

"झाडं आम्ही वाचवली अन् दार आम्हालाच लागलं," आजी म्हणाली.

रान सावरलं, हे खरं. १९८८ साली ते जागतिक वारसा झालं, तेही योग्यच. पण माहेर राखणाऱ्या लेकीला उंबऱ्याबाहेर ठेवून? मला नाही पटलं. १९९८ मध्ये लात्याच्या लोकांनी त्यासाठी आंदोलन केलं. २००३ पासून थोड्या प्रवाशांसाठी वाट किलकिली झाली, वाटाड्यांना काम मिळालं.

७ फेब्रुवारी २०२१ ला ऋषिगंगेला प्रलय आला, दोनशेवर माणसं गेली. रेणीची जमीनही खचली. गौरादेवींचा पुतळा तिथून हलवावा लागला, तेव्हा गावच्या बायका रडल्या, असं सांगताना आजीनं डोळ्याला पदर लावला.

निघताना तिनं मुठी भरभरून राजमा माझ्या रुमालात बांधला. मी नको नको म्हणत होते.

"माहेराहून मोकळ्या हातानं जातात का?" म्हणाली.

घरी आल्यावर तो रात्रभर भिजत घातला. आले-जिऱ्याची फोडणी दिली, बाकी काही नाही. हे दोनदा मागून जेवले.