जू उचलून बघ

आमच्या गोठ्याच्या आढ्याला अजून एक जू टांगलेलं आहे. बैल विकून पंधरा वर्षं झाली, गाडीचा साटा सरपणात गेला, चाकांच्या धावा भंगारवाल्यानं नेल्या. पण जू काही आण्णांनी देऊ दिलं नाही. "ऱ्हाऊ दे, कामाला यील," म्हणायचे. बैलच नाहीत तर जू कशाच्या कामाला येणार, म्हणून आम्ही हसायचो.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढं. अंजीर, सीताफळ आणि वाटाण्याचा हा मुलूख. माल पुण्याला मार्केट यार्डात न्यायचा म्हणजे दिवे घाट उतरायचा. टेम्पोचं भाडं परवडेना, म्हणून छोटी एसयूव्ही घेतली तेव्हाच तिच्यामागं जोडायला दोन चाकांची हलकी ट्रॉली करून घेतली. गाडीच्या मागं लोखंडी गोळा, ट्रॉलीच्या दांडीला त्यावर बसणारी वाटी. रिकामी ट्रॉली 200 किलोची. ट्रॅक्टर चालवलेला माणूस मी. मला ती खेळण्यातली वाटली.

भाद्रपदातली गोष्ट. सीताफळाचे 24 क्रेट भरले, एकेक 20 किलोचा. पोरगी पुण्यात शिकायला होती, तिची गादी आणि कपड्यांची पिशवीही न्यायची होती. बाजारात क्रेट आधी उतरायचे, म्हणून गादी-पिशवी पुढं टाकली आणि क्रेट मागं रचले. आण्णा काठी टेकत आले.

"आरं, दांडी उचलून बघितलीस का?"

मी दोन बोटांनी उचलली. अलगद वर आली. "बघा आण्णा, किती हलकी!"

"हलकी हाय म्हणूनच म्हणतोय. गाडी उलाळ झालीया."

"आण्णा, ही बैलगाडी न्हाय."

ते काही बोलले नाहीत. शेजारच्या सीटवर येऊन बसले. दवाखान्यात दाखवायला त्यांनाही पुण्याला यायचं होतं.

दिवे घाट लागला. खाली मस्तानी तलाव दिसायला लागला. रस्ता ओला, वेग साठाच्या आसपास. आधी स्टिअरिंग हातात नुसतं हुळहुळल्यासारखं झालं. आरशात बघतो तर ट्रॉलीचं शेपूट डावीकडं-उजवीकडं झुलतंय. मी स्टिअरिंग उलटं मारलं, तशी ती दुप्पट झुलली. गाडीचा मागचा भाग कुणी तरी उचलून हलवतंय असं वाटत होतं. समोरून एक मोटारसायकल चढत होती. नवरा-बायको आणि मधे लेकरू. माझा पाय ब्रेकवर गेला.

"दाबू नगं!" आण्णा ओरडले. "पाय काढ नुसता. सरळ धर!"

मी पाय काढला. स्टिअरिंग घट्ट, सरळ धरलं. दोन झोके आणखी बसले. मोटारसायकलवाल्यानं गाडी गटाराकडं घातली आणि ट्रॉलीचा कोपरा त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेला. मग झोके कमी होत गेले आणि रुंद जागा बघून मी थांबलो. धावत मागं गेलो. त्या माणसानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो नुसता लेकराच्या पाठीवरून हात फिरवत होता.

परत आलो तर आण्णा ट्रॉलीपाशी उभे होते. "उतरव समदं," म्हणाले. जड क्रेट चाकांच्या आखावर घ्यायला लावले, त्यातही थोडा भार पुढं. गादी-पिशवी शेवटी, मागं. मग दांडी उचलून बघितली. "आता बसली." उरलेला घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, सायकलच्या वेगानं उतरलो.

रात्री जेवताना विचारलं, "मोटार कधी चालवली न्हाई तुम्ही, मग ब्रेक दाबू नको हे कसं कळलं?"

"बैल बिचकलं की कासरा वढायचा न्हाय. वढला की त्ये आनखी आडवं हुतं."

मग त्यांनी सर्जाची गोष्ट सांगितली. आण्णा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. आज्यानं ज्वारीची पोती घाईनं मागं लादली. चढावर गाडी उलाळली, जू वर उठलं आणि सापती सर्जाच्या गळ्यात काचली. ती सोडवेपर्यंत बैल गेला. तेव्हापासून आण्णा जू खांद्यावर घेऊन बघितल्याशिवाय गाडी जुपत नसत. जास्त पुढं भरलं तर बैलाचा खांदा येतो, मागं भरलं तर गळा आवळतो. पासष्ट वर्षं त्यांनी ही गोष्ट आम्हाला सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाडीचं पुस्तक पहिल्यांदा उघडलं. बिनब्रेकच्या ट्रॉलीची मर्यादा मालासकट 500 किलो लिहिली होती. आमची झाली होती 680. शेजाऱ्यानं आपल्या गाडीचं पुस्तक काढलं, तर त्यात मागं काही ओढूच नका असं लिहिलेलं. म्हणजे गाडी ओढते म्हणून ओढावी असं नाही. खेचायला ताकद इंजिनची लागते, पण थांबवायचं काम गाडीच्या ब्रेकवर येतं. बिनब्रेकची ट्रॉली उताराला मागून ढकलत असते.

तेव्हापासून 14 क्रेटच्या वर माल नाही. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा दांडीवर यायला हवा. आण्णांनी दांडी उचलली आणि म्हणाले, "सव्वा मण." मी घरातला वजनकाटा ठोकळ्यावर ठेवून मोजलं. 49 किलो भरलं.

ट्रॉलीचं पासिंगही करून घेतलं. कायद्यानं ते वेगळं वाहन असतं. दांडीखाली दोन साखळ्या एकमेकींवर तिरप्या बांधतो, म्हणजे वाटी सुटली तरी दांडी साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. निघण्याआधी मागचे दिवे लागतात का आणि चाकांत हवा किती, हे बघतो. घाट लागायच्या आधीच गिअर खाली घेतो. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवतो. रिव्हर्स घेताना मात्र अजून घाम फुटतो. ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडं वळवावं लागतं.

आषाढी वारीत माउलींचा रथ दिवे घाट चढतो तेव्हा जादा बैलजोड्या जुंपतात. दरवर्षी ते बघताना आण्णा म्हणायचे, "चढाला बैल लागत्यात, उताराला अक्कल." ते जाऊन आता तीन वर्षं झाली.

परवा पोरगी सुट्टीला आली होती. आता गाडी तीही चालवते. मी क्रेट रचून हात धुवायला गेलो. परत आलो तर ती वाकून दांडी उचलत होती.

"बाबा, हलकी लागतीय."

मी काही न बोलता दोन क्रेट पुढं घेतले.